मिस्टरीज ऑफ उडॉल्फो, द : वाचक आणि अभिप्राय

ॲन रॅडक्लिफ (१७६४–१८२३) ह्या इंग्रज लेखिकेची द मिस्टरीज ऑफ उडॉल्फो ही चार खंडांची कादंबरी लंडन येथे मे १७९४ मध्ये प्रसिद्ध झाली. प्रणय, रहस्य आणि अतिमानुषाचा आभास ह्या तीन घटकांच्या मिश्रणातून सिद्ध झालेल्या गॉथिक कादंबरीचा हा प्रातिनिधिक नमुना मानला जातो. तिच्या वाङ्‌मयीन गुणदोषांइतकाच तिच्याविषयीच्या वाचकांच्या अभिप्रायांचा इतिहासही उद्‌बोधक आहे. भुताखेतांची भीती उत्पन्न करून अखेरीस तिचा बुद्धिगम्य उलगडा करावा की करू नये, भीतीतून मिळणारा आनंद उचित की अनुचित, आणि अशा आनंदाचे मूल्य ठरविण्याचा अधिकार समीक्षकाचा की सामान्य वाचकाचा, हे तीन प्रश्न ह्या एका कादंबरीच्या निमित्ताने स्पष्टपणे पुढे आले. भयरम्य प्रणयकथेविषयीची पुढील काळातील चर्चाही बव्हंशी ह्याच प्रश्नांभोवती फिरत राहिली.

कथानक : कथानकाचा काळ १५८४ हा आहे. फ्रान्सच्या गॅस्कनी प्रांतातील एमिली सेंट ऑबर्ट ही तरुणी मातापित्यांच्या निधनाने पोरकी होते आणि आत्याच्या आश्रयाला येते. आत्या माँटोनी ह्या इटालियन सरदाराशी विवाह करते. माँटोनी ह्या दोघींना प्रथम व्हेनिसला आणि नंतर ॲपेनाइन पर्वतातील उडॉल्फो ह्या निर्जन किल्ल्यात नेतो. व्हॅलनकोर्ट ह्या प्रियकरापासून एमिलीची ताटातूट होते. किल्ल्यात रात्री अनाकलनीय संगीत ऐकू येते, बाहेरून अडसर असलेले दार रात्रीतून उघडले जाते आणि एका दालनात काळ्या पडद्याआड काहीतरी भयानक झाकून ठेवलेले असते. आत्याच्या नावावरील जमीनजुमला आपल्याला लिहून मिळावा म्हणून माँटोनी तिचा छळ करतो व त्यातच तिचा अंत होतो. पुढे तीच मागणी तो एमिलीकडे करतो. एमिली किल्ल्यातून निसटते आणि अनेक अडचणींनंतर व्हॅलनकोर्टशी तिचा विवाह होतो. सर्व गूढ घटनांची लौकिक कारणे शेवटच्या खंडापर्यंत टप्प्याटप्प्याने सांगितली जातात.

पार्श्वभूमी : ह्या कादंबरीपूर्वी तीस वर्षे हॉरस वॉल्पोल (१७१७–९७) ह्याने द कॅसल ऑफ ऑट्रँटो ही कथा प्रसिद्ध केली होती (डिसेंबर १७६४). पहिल्या आवृत्तीच्या ५०० प्रती छापण्यात आल्या. १५२९ मध्ये नेपल्स येथे छापलेल्या एका इटालियन ग्रंथाचा हा अनुवाद आहे, अशी बतावणी तीत केलेली होती. प्राचीन काळातील अंधश्रद्धेचा नमुना म्हणून मंथली रिव्ह्यू ह्या नियतकालिकाने तिचे स्वागत केले. तथापि १७६५ मधील दुसऱ्या आवृत्तीत वॉल्पोलने आपले कर्तृत्व उघड करताच त्याच नियतकालिकाने आपले मत फिरविले. जुन्या काळातील लेखकाला क्षम्य असलेली भाकडकथा सुसंस्कृत युगातील लेखकाने रचावी, हे त्याला रुचले नाही. कथा तीच होती; बदलले होते ते वाचकाचे तिच्याशी असलेले नाते. कवी टॉमस ग्रे ह्याचा अनुभव मात्र वेगळा होता. ह्या कथेमुळे आपल्या केंब्रिजमधील मंडळींपैकी काहींच्या डोळ्यांत पाणी आले आणि रात्री अंथरुणावर जाण्याची सर्वांनाच भीती वाटू लागली, असे त्याने वॉल्पोलला कळविले होते. विद्वानाचे जाहीर मत आणि वाचकाचा खाजगी अनुभव ह्यांतील ही तफावत गॉथिक साहित्याच्या इतिहासात पुढेही वारंवार आढळते.

क्लारा रीव्ह (१७२९–१८०७) ह्या लेखिकेने द ओल्ड इंग्लिश बॅरन (१७७८) ह्या आपल्या कादंबरीच्या प्रस्तावनेत एका जाणत्या वाचकाच्या भूमिकेतून ऑट्रँटोची चिकित्सा केली. अवाढव्य शिरस्त्राण, प्रचंड तलवार, चौकटीतून उतरून चालू लागणारे चित्र अशा अतिरेकी योजनांमुळे भीतीऐवजी हसू येते. अद्‌भुत हे संभाव्यतेच्या सीमेवर ठेवले तरच परिणाम टिकतो, असे तिचे प्रतिपादन होते. वॉल्पोलला मात्र रीव्हची कादंबरी बेचव वाटली. दरम्यान एडमंड बर्क ह्याने १७५७ मधील आपल्या प्रबंधात उदात्ताच्या अनुभवाचे मूळ भीतीत शोधले होते, तर १७७३ मध्ये जॉन एकिन आणि त्याची बहीण ॲना लेटिशिया (पुढे बार्बल्ड) ह्यांच्या निबंधसंग्रहात भयानक वस्तूंपासून सुख का मिळते, ह्याची मीमांसा करण्यात आली होती. रॅडक्लिफच्या लेखनाला अशी तात्त्विक पूर्वतयारी लाभली होती.

प्रकाशन आणि वाचकवर्ग : रॅडक्लिफची द रोमान्स ऑफ द फॉरेस्ट (१७९१) ही कादंबरी लोकप्रिय झाल्यामुळे उडॉल्फोच्या हस्तलिखितासाठी प्रकाशकाने तिला ५०० पौंड दिले. पुढील द इटालियन (१७९७) ह्या कादंबरीसाठी ही रक्कम ८०० पौंडांपर्यंत गेली. त्या काळी कादंबरीकाराला मिळणाऱ्या मानधनाच्या मानाने ह्या रकमा असाधारण होत्या. जेन ऑस्टेनला (१७७५–१८१७) १८०३ मध्ये एका कादंबरीच्या हस्तलिखितासाठी अवघे १० पौंड मिळाले, ह्यावरून त्यांची कल्पना येऊ शकेल.

अनेक खंडांतील कादंबऱ्या महाग असल्याने बहुसंख्य वाचक त्या विकत न घेता वर्गणी भरून ग्रंथालयांतून आणीत. लंडनच्या लेडनहॉल स्ट्रीटवरील विल्यम लेन ह्याच्या मिनर्व्हा प्रेसने कादंबऱ्यांचे प्रकाशन आणि असे ग्रंथालय हे दोन्ही व्यवसाय एकत्र चालविले व गॉथिक कादंबऱ्यांचा अखंड पुरवठा केला. एक प्रत अनेक घरांतून फिरे आणि घरातही ती मोठ्याने वाचली जाई. मोठ्या कुटुंबात रॅडक्लिफच्या कादंबरीचे खंड ह्या हातातून त्या हातात जात, प्रसंगी ते हिसकावूनही घेतले जात, असे सर वॉल्टर स्कॉट (१७७१–१८३२) ह्याने नमूद केले आहे. ज्यांना वर्गणीही परवडत नसे, त्यांच्यासाठी गॉथिक कथांचे संक्षेप असलेल्या ३६ किंवा ७२ पानांच्या निळ्या वेष्टनातील स्वस्त पुस्तिका निघत. गॉथिक कथेचा वाचकवर्ग असा सरदारघराण्यांपासून शिकाऊ कारागिरांपर्यंत पसरलेला होता. ‘रिकामटेकड्या तरुणींचे वाचन’ हे तिचे टीकाकारांनी केलेले वर्णन वस्तुस्थितीला धरून नव्हते.

समकालीन अभिप्राय : नियतकालिकांनी उडॉल्फोचे एकंदरीत स्वागत केले. निसर्गवर्णने, भीतीचे वातावरण आणि वाचकाला खिळवून ठेवण्याचे सामर्थ्य ह्यांची त्यांनी प्रशंसा केली. क्रिटिकल रिव्ह्यूमधील परीक्षणात मात्र एक मार्मिक आक्षेप आढळतो. लेखिका कुतूहल इतके ताणते, की कोणताही उलगडा त्याला पुरा पडू शकत नाही, असे परीक्षणकाराचे म्हणणे होते. सोळाव्या शतकातील पात्रांच्या चालीरीती त्या काळाशी जुळत नाहीत, हा दोषही त्याने दाखविला. टॉमस जेम्स मथायस ह्या उपरोधकाराने समकालीन साहित्यावर कठोर कोरडे ओढले, परंतु रॅडक्लिफचा मात्र त्याने समर्थ जादूगार म्हणून गौरव केला.

सामान्य वाचकाच्या उत्कट प्रतिसादाचा एक चांगला नमुना मॅथ्यू ग्रेगरी लूइस (१७७५–१८१८) ह्याच्या पत्रव्यवहारात मिळतो. कादंबरी निघाली त्याच महिन्यात हेगमधील इंग्रज वकिलातीत काम करणाऱ्या ह्या अठरा वर्षांच्या तरुणाने आईला लिहिलेल्या पत्रात तिची मनःपूर्वक शिफारस केली. आरंभीचा भाग कंटाळवाणा वाटला तरी एमिलीच्या वडिलांच्या मृत्यूपर्यंत धीर धरावा, असे त्याने सुचविले आणि माँटोनीच्या स्वभाववर्णनाशी आपले काही साम्य दिसते का, अशी पृच्छाही केली. खलनायकात स्वतःला शोधणारा हा वाचक लवकरच लेखक झाला. ह्याच वाचनाने उत्तेजन मिळून त्याने द मंक (१७९६) ही कादंबरी लिहिली. तीत मात्र भूतपिशाचे आणि सैतान ह्यांना त्याने प्रत्यक्षच अवतरविले व रॅडक्लिफचा संयम झुगारून दिला.

द मंकवर मोठे वादळ उठले. कवी सॅम्युएल टेलर कोलरिज (१७७२–१८३४) ह्याने १७९७ मध्ये तिचे परीक्षण करताना लेखकाची प्रतिभा मान्य केली. परंतु हे पुस्तक आपल्या मुलामुलींच्या हाती दिसल्यास आईबापांच्या तोंडचा रंग उडेल, असा अभिप्राय दिला. लूइस त्या वेळी संसदसदस्य होता आणि दुसऱ्या आवृत्तीवर त्याने आपल्या नावापुढे ते पदही छापले होते, ह्यामुळे संताप वाढला. अखेर १७९८ मधील चौथ्या आवृत्तीत त्याने आक्षेपार्ह मजकूर गाळला. वाचकांचा रोष लेखकाच्या संहितेत प्रत्यक्ष फेरफार घडवू शकतो, हे ह्यावरून दिसून येते. द मंकनंतर एका वर्षाने आलेली रॅडक्लिफची द इटालियन ही कादंबरी पुष्कळदा लूइसला दिलेले उत्तर म्हणून वाचली जाते.

उलगड्याचा वाद : उडॉल्फोच्या वाचकांत सर्वाधिक मतभेद झाला तो काळ्या पडद्यावरून. दुसऱ्या खंडात एमिली पडदा दूर सारते आणि मूर्च्छित होते. तिने काय पाहिले, हे वाचकाला सांगितले जात नाही. शेकडो पानांनंतर, चौथ्या खंडाच्या अखेरीस, ती किड्यांनी पोखरलेल्या प्रेताची मेणाची प्रतिकृती होती, असा खुलासा होतो. उडॉल्फोच्या एका पूर्वीच्या मालकाला प्रायश्चित्त म्हणून ती नित्य पाहण्याची आज्ञा धर्मपीठाने दिलेली असते. इतका ताणलेला श्वास ह्या खुलाशाने वाया गेला, अशी तक्रार अनेकांनी केली. स्कॉटने १८२४ मध्ये ती नेमकी मांडली. क्षुल्लक कारणाने उद्‌भवलेल्या भीतीत आपल्याला सहभागी करून घेतले, हे कळल्यावर वाचक स्वतःला फसविला गेल्याचे समजतो आणि पडद्यामागचे सारे पाहिल्यामुळे पुन्हा वाचण्यातील गोडीही नाहीशी होते, असे त्याचे मत होते. भुते आणावयाचीच असतील, तर ती निःसंकोचपणे आणावीत, ह्या पक्षाकडे त्याचा कल होता.

रॅडक्लिफच्या पद्धतीमागे मात्र निश्चित विचार होता. १८२६ मध्ये तिच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झालेल्या एका संवादरूप निबंधात तिने भय आणि किळसयुक्त भीती ह्यांत भेद केला आहे. अस्पष्टतेतून निर्माण होणारे भय मनाचा विस्तार करते व त्याच्या शक्ती जागृत करते. उघड्या बीभत्स दर्शनाने मन आक्रसते व गोठते, असा त्याचा आशय आहे. ह्या दृष्टीने पाहता पडद्यामागे काय आहे, ह्यापेक्षा तो दूर सारण्यापूर्वीची मनःस्थिती अधिक महत्त्वाची ठरते. शिवाय विवेकाने भ्रमावर मात करावी, ही एमिलीच्या वडिलांची शिकवण कथानकाच्या केंद्रस्थानी आहे. उलगडा हा त्या शिकवणीचाच परिपाक होय. पुढे त्स्व्हेतान तोदोरोव्ह ह्या समीक्षकाने १९७० मध्ये अद्‌भुत साहित्याची उपपत्ती मांडताना, घटना लौकिक की अलौकिक ह्याविषयी वाचकाला पडणारा संभ्रम हेच ह्या प्रकाराचे व्यवच्छेदक लक्षण मानले. रॅडक्लिफच्या कादंबऱ्यांत हा संभ्रम शेवटी लौकिकाच्या बाजूने मिटतो, तर लूइसच्या कादंबरीत अलौकिकाच्या बाजूने. अठराव्या शतकातील वाचकांची तक्रार अशा रीतीने विसाव्या शतकात साहित्यशास्त्रीय वर्गीकरणाचा आधार बनली.

उपहास आणि स्त्रीवाचक : गॉथिक कादंबऱ्यांचा सुकाळ झाला तो फ्रेंच राज्यक्रांतीच्या दशकात. १७९७ मध्ये इंग्रजी नियतकालिकांतून ह्या लेखनाला ‘दहशतवादी’ म्हणून हिणविणारी उपरोधिक पत्रे छापली गेली. त्यांपैकी एकात तर पाककृतीच्या धर्तीवर पडका किल्ला, लांबलचक दालन आणि काही प्रेते एकत्र करून कादंबरी कशी शिजवावी, हे सांगितले होते. विल्यम वर्ड्‌स्वर्थ ह्याने १८०० मधील आपल्या प्रसिद्ध प्रस्तावनेत बेभान कादंबऱ्यांमुळे उत्तम साहित्य दुर्लक्षिले जात असल्याची खंत व्यक्त केली. ह्या टीकेचा रोख विशेषतः तरुण स्त्रियांवर होता. अशा वाचनाने त्यांची कल्पनाशक्ती भडकते आणि संसारातील कर्तव्यांचा त्यांना कंटाळा येतो, असे मानले जाई.

ह्या आक्षेपांचे सर्वांत समतोल उत्तर जेन ऑस्टेनच्या नॉर्दँगर ॲबी ह्या कादंबरीत मिळते. ती मुख्यतः १७९८-९९ मध्ये लिहिली गेली व लेखिकेच्या मृत्यूनंतर डिसेंबर १८१७ मध्ये प्रसिद्ध झाली. तिची नायिका कॅथरिन मॉरलंड उडॉल्फो वाचून भारावते, काळ्या पडद्यामागे सांगाडाच असावा असा तर्क करते आणि पुढे जनरल टिल्नी ह्याने आपल्या पत्नीचा घात केला असावा, असा संशय घेते. संशय खोटा ठरतो व ती लज्जित होते. परंतु हाच जनरल कॅथरिनच्या श्रीमंतीविषयी झालेला आपला गैरसमज दूर होताच तिला एकटीला घराबाहेर काढतो. गॉथिक वाचनाने तिला खुनी शोधण्यात चकविले, तरी घरातील जुलमी पुरुष ओळखण्यात ते सर्वस्वी चुकले नव्हते. ह्याच कादंबरीतील हेन्री टिल्नी हा सुशिक्षित तरुण आपण उडॉल्फो दोन दिवसांत संपविल्याचे मोकळेपणाने सांगतो, तर जॉन थॉर्प हा पोकळ माणूस कादंबऱ्यांची टवाळी करतो आणि उडॉल्फो कोणाची हेही त्याला ठाऊक नसते. ऑस्टेनच्या स्वतःच्या घरी वडील ग्रंथालयातून आणलेली गॉथिक कादंबरी वाचत असत, आणि आपले कुटुंब कादंबऱ्यांचे भोक्ते असून त्याची आपल्याला लाज वाटत नाही, असे तिने १७९८ मधील एका पत्रात म्हटले आहे.

स्त्रियांना ही कादंबरी का भिडली, ह्याचे उत्तर कथानकातच आहे. माँटोनीचे खरे शस्त्र भूत नसून दस्तऐवज आहे. स्त्रियांना कोंडून त्यांच्याकडून मालमत्ता लिहून घेणे, हा त्याचा हेतू आहे. तत्कालीन इंग्रजी कायद्यानुसार विवाहानंतर स्त्रीची जंगम मालमत्ता पतीची होई आणि स्थावर मालमत्तेवर त्याचा ताबा चाले. ह्या स्थितीत १८७० आणि १८८२ च्या कायद्यांपर्यंत मूलगामी बदल झाला नाही. त्यामुळे इटलीतील किल्ला आणि सोळावे शतक हे दूरचे नेपथ्य असले, तरी त्यातील भीती वाचक स्त्रियांच्या ओळखीची होती. शेवटी भुते नाहीशी होतात. पण सहीसाठी केलेला छळ मात्र खराच असतो. उलगड्यामुळे निराश झालेल्या टीकाकारांचे ह्या गोष्टीकडे सहसा लक्ष गेले नाही.

उत्तरकालीन मूल्यमापन : द इटालियननंतर रॅडक्लिफने आपल्या हयातीत एकही नवी कादंबरी प्रसिद्ध केली नाही. त्यामुळे स्वतःच निर्मिलेल्या भयप्रतिमांनी तिला वेड लागल्याची वदंता वाचकांत पसरली. तिच्या मृत्यूनंतर १८२६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चरित्रात्मक लेखात तिचे शांत, प्रवासप्रिय जीवन वर्णन करून ह्या वदंतेचे निराकरण करण्यात आले. बार्बल्डने १८१० मध्ये संपादित केलेल्या ५० खंडांच्या ब्रिटिश कादंबरीमालेत उडॉल्फोचा समावेश केला आणि तिला मान्यता मिळवून दिली. यूरोपीय भाषांतही तिची भाषांतरे वाचली गेली. आपल्याला वाचता येत नव्हते त्या वयात आईवडील हिवाळ्यातील रात्री रॅडक्लिफच्या कादंबऱ्या मोठ्याने वाचीत आणि त्या ऐकून आपण झोपेत बरळत असू, अशी आठवण फ्यॉदर डॉस्टोव्हस्कीने १८६३ मध्ये नमूद केली आहे.

एकोणिसाव्या शतकात वास्तववादाच्या प्रभावामुळे उडॉल्फोचे वाचन मागे पडले. तिचा साचा मात्र टिकून राहिला. एकाकी तरुणी, रहस्यमय वास्तू आणि प्रिय की घातकी असा संशय जागविणारा पुरुष ही योजना शार्लट ब्राँटीच्या जेन एअर (१८४७) आणि डॅफ्नी द्यू मॉरिएच्या रिबेका (१९३८) ह्या कादंबऱ्यांत नव्या सामर्थ्याने अवतरली. व्हिक्टोरिया होल्टच्या मिस्ट्रेस ऑफ मेलिन (१९६०) ह्या कादंबरीनंतर तिला स्वस्त आवृत्त्यांच्या बाजारपेठेत प्रचंड मागणी आली. एलेन मोअर्सने १९७६ मध्ये स्त्रियांच्या गॉथिक लेखनाला स्वतंत्र परंपरा म्हणून मान्यता दिली. जॅनिस रॅडवेने १९८४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अमेरिकेतील एका गावातील ४२ प्रणयकथावाचक स्त्रियांना त्यांची मते प्रत्यक्ष विचारली. वाचन म्हणजे घरकामाच्या रगाड्यातून स्वतःसाठी राखून ठेवलेला वेळ, असे त्यांच्या उत्तरांतून प्रकट झाले. ज्यांच्याविषयी दोन शतके इतरांनीच लिहिले होते, त्या वाचकांना ह्या पद्धतीमुळे स्वतःचे म्हणणे मांडता आले.

मराठीतील समांतर चर्चा : एकोणिसाव्या शतकात महाराष्ट्रातही हेच प्रश्न वेगळ्या परिस्थितीत उपस्थित झाले. लक्ष्मण मोरेश्वर हळबे ह्यांची मुक्तामाला (१८६१) आणि नारो सदाशिव रिसबूड ह्यांची मंजुघोषा (१८६८) ह्या अद्‌भुतरम्य कादंबऱ्यांना मोठा वाचकवर्ग लाभला. मंजुघोषेच्या प्रस्तावनेत रिसबुडांनी आपली अडचण स्पष्ट केली आहे. हिंदूंच्या विवाहपद्धतीमुळे व अन्य कारणांमुळे रोजच्या जीवनात कादंबरीला उपयोगी पडेल असे चित्तवेधक काही सापडत नाही, म्हणून मनोरंजनासाठी अद्‌भुताचा आश्रय करावा लागतो, असे त्यांचे म्हणणे होते. काशिनाथ बाळकृष्ण मराठे ह्यांच्या नावल व नाटक ह्यांविषयीच्या निबंधात (१८७२) अशा लेखनाच्या संभाव्यतेचा आणि नीतिपरिणामांचा विचार आढळतो. जी. डब्ल्यू. एम. रेनल्ड्‌स ह्या इंग्रज लेखकाच्या रहस्यप्रधान कादंबऱ्या ह्या काळात भारतात अतिशय वाचल्या जात. हरि नारायण आपटे ह्यांची पहिली कादंबरी मधली स्थिती (१८८५) ही रेनल्ड्‌सच्याच एका कादंबरीच्या आधारे लिहिली गेली. परंतु आपट्यांनी तीत पुण्यातील सुशिक्षित समाजाचे चित्र रेखाटून मराठी कादंबरीला वास्तवाकडे वळविले. स्त्रीच्या बंदिस्त जीवनातील भय दाखविण्यासाठी दूरच्या किल्ल्याची गरज नाही, ते वाड्यातच आढळते, हे त्यांच्या पण लक्षात कोण घेतो? ह्या कादंबरीने पुढे दाखवून दिले.

उडॉल्फोविषयीच्या अभिप्रायांत समीक्षकांनी मुख्यतः संभाव्यता, नीती आणि रचना ह्यांच्या कसोट्या लावल्या, तर वाचकांनी आपल्या भीतीची, कुतूहलाची आणि सहानुभूतीची साक्ष दिली. पहिल्या प्रकारचे अभिप्राय छापले गेले व टिकले. दुसऱ्या प्रकारचे अभिप्राय पत्रे, आठवणी आणि ग्रंथालयांची भरभराट ह्यांतून शोधून काढावे लागतात. भयरम्य कादंबरीचे यथार्थ मूल्यमापन करण्यासाठी ह्या दोहोंचा एकत्र विचार आवश्यक ठरतो.